डावीकडचा रस्ता

शाळेत पोरं त्यांना मागून 'दोन्हीकडून बाई' म्हणायची. बागेभोवतीच्या रस्त्याचं क्षेत्रफळ काढायचं गणित आलं, की निम्मा वर्ग लांबीत रस्त्याची रुंदी एकदाच मिळवायचा आणि बाई टेबलावर हात आपटायच्या, "अरे, रस्ता दोन्हीकडून आहे ना? मग एका बाजूचा खाल्लास की काय?"

घरी त्या नुसत्या ताई. धाकटी बहीण शिवणकाम करायची. गणितात तिची कायम बोंब. लग्न दोघींनीही केलं नव्हतं. एकीचे पेपर आणि दुसरीचं मशीन, एकाच खोलीत सुखाने नांदत होतं.

एका सकाळी ताई फळ्यापुढेच कोसळल्या. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. जीव वाचला, वाचाही शाबूत राहिली. डॉक्टर म्हणाले, "डोळे चांगले आहेत. पण डाव्या बाजूला काही असतं, हेच त्यांच्या मेंदूला कळत नाही."

धाकटीच्या ते नीटसं डोक्यात शिरलं नाही. ताई ताटातलं उजवीकडचं तेवढं संपवायच्या आणि "आज कमीच वाढलंस गं" म्हणायच्या. ती मुकाट्याने ताट फिरवून ठेवायची.

ताईंचं मन रमावं म्हणून तिने एकदा गणिताचं पुस्तक काढलं. "बाग वीस मीटर लांब, बारा मीटर रुंद. बाहेरून सभोवती दोन मीटर रुंदीचा रस्ता. रस्त्याचं क्षेत्रफळ किती?"

ताईंची कळी खुलली. त्यांनी आकृती काढली. वर रस्ता, खाली रस्ता, उजवीकडे रस्ता. "बावीस गुणिले सोळा, तीनशे बावन्न. त्यातून बागेचे दोनशे चाळीस गेले. एकशे बारा!"

पुस्तकात मागे उत्तर होतं एकशे चव्वेचाळीस.

"छापायची चूक," ताई ठामपणे म्हणाल्या.

"बागेच्या कडेने बोट फिरव बघू, ताई."

बोट वरच्या रस्त्याने निघालं, उजवीकडून खाली उतरलं, खालच्या रस्त्याने थोडं आलं आणि मध्येच थांबलं. धाकटीने कागद हळूच उजवीकडे सरकवला. आता बागेची ती उघडी कड ताईंना दिसली. कितीतरी वेळ त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"शाळेत कळव, मी आता येत नाही म्हणून."

"अगं, होशील की बरी! एवढ्यातेवढ्याने काय..."

"मला माझं चुकलेलं दिसतच नाही गं. पोरांचं काय तपासू?"

धाकटीने पुस्तक मिटून ठेवलं.

त्यानंतर ताई काही वर्षं जगल्या, पण पेन्सिल हातात धरली नाही. जुने विद्यार्थी भेटायला यायचे, त्यांच्याशी हसून बोलायच्या. धाकटीने मशीन खाटेच्या उजव्या अंगाला आणून ठेवलं होतं. ती कपाटातून कापड काढायला ताईंच्या डावीकडे गेली, की ताई घाबऱ्याघुबऱ्या हाक मारायच्या, "कुठे गेलीस गं मला टाकून?"

"इथेच आहे," म्हणत ती लगबगीने फिरून त्यांच्यासमोर येऊन उभी राहायची.