दारावरची बाई हरत नाही

माझा नवरा प्रज्ञेश व्हिडिओ गेमच्या गोष्टी लिहितो. लंडनजवळ, स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये, गोदामांच्या रांगेत तो नोकरी करतो तो स्टुडिओ आहे. लोकांना हे ऐकून हेवा वाटतो. बुद्धविहारातले एक काका त्याला म्हणाले, "म्हणजे दिवसभर खेळतोसच की!" मी त्यांना चहा दिला आणि गप्प बसले. एरवी मी गप्प बसणाऱ्यातली नाही.

गेम असा. सात वेगवेगळ्या जपानी कार्टून मालिकांमधले चौदा हीरो एका मैदानात आणायचे आणि त्यांची मारामारी लावायची. हे हीरो सात कंपन्यांच्या मालकीचे, आणि सातही कंपन्यांची अट एकच: गोष्टीत आमचा हीरो कुणाकडूनही हरता कामा नये. खेळणाऱ्याच्या हातून हरला तर चालेल, पण लिहिलेल्या गोष्टीत नाही. मग लेखकाने करायचं काय? दोघं भिडले, जरा रंगात आले, की आभाळ फाटतं, एक जांभळा राक्षस उतरतो आणि दोघं एकमेकांची पाठ थोपटून त्याच्यामागे धावतात. प्रज्ञेशने असं आभाळ एकेचाळीस वेळा फाडलं. प्रत्येक वाक्य मंजुरीच्या तक्त्यात जायचं आणि लाल होऊन परत यायचं. नागपुरात चौदा एप्रिलला वस्तीत पथनाट्यं लिहिणारा हा माणूस. त्याच्या नाटकात कुणीतरी खरोखर हरायचं, आणि बघणाऱ्या बायका डोळे पुसायच्या.

"मग सोडा ना ही नोकरी," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या खिशात ब्रिटिश पासपोर्ट असतो. आमचा व्हिसा स्टुडिओच्या जोरावर. नोकरी सोडली तर साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. माझा व्हिसा त्याच्या व्हिसाला बांधलेला, म्हणजे अडकलोय दोघंही.

गेल्या हिवाळ्यात त्याला एक फट सापडली. मैदानाच्या दारावर एक बाई उभी असते, हीरोंना आत सोडणारी. ती कुठल्याच कंपनीची नव्हती. स्टुडिओने जागा भरायला उभी केलेली, नाव नसलेली. तिला हरवायला कुणाची परवानगी लागत नव्हती!

प्रज्ञेशने तिच्यात स्वतःची आई घातली. माझ्या सासूबाई, यमुनाबाई, एका शाळेत झाडलोट करायच्या, पाणी भरायच्या. कायम करा म्हणून त्यांनी अकरा अर्ज दिले आणि अकरा वेळा नकार घेतला. नकार घेऊन बाहेर आल्या की त्या पायरीवर बसायच्या, पदराने चपलेची धूळ पुसायच्या आणि परत आत जाऊन क्लार्ककडे एक कोरा कागद मागायच्या. गेममधली बाई तशीच. चौदा जणांशी लढते, चौदा वेळा हरते, पायरीवर बसून चप्पल पुसते आणि उठते. शेवटच्या हीरोला ती विचारते, "जिंकलास. आता सांग, जिंकून तुला काय हवं होतं?" त्यावर त्याला उत्तर द्यावं लागतं. एवढ्या मोठ्या गेममध्ये कोण कशासाठी लढतंय हे पहिल्यांदा कळतं.

चार महिने तो यावर राबला. घरात पुन्हा शीळ ऐकू यायला लागली. तक्ता परत आला तेव्हा सातही कंपन्यांचे रकाने हिरवे. मी त्या दिवशी पाटवडी रस्सा केला आणि आम्ही दोघांनी पातेलं पुसून खाल्लं.

पुढच्या मंगळवारी तो घरूनच काम करत होता. लॅपटॉपवर त्याचा मॅनेजर विक्रांत आला. इथेच वेम्बलीत जन्मलेला मुलगा, मनाने चांगला, प्रज्ञेशशी हौसेने मोडकंतोडकं मराठी बोलतो.

"मेट, गुड न्यूज! ती बाई सगळ्यांना आवडला. लीगल टीम तिला आपल्या नावावर रजिस्टर करतंय, शी इज अवर ओन कॅरेक्टर नाऊ. टॉइज, पार्ट टू, एव्हरीथिंग."

प्रज्ञेश हसला. मीही स्वयंपाकघरातून हसले.

"फक्त एक छोटा गोष्ट. ती आता आपली आहे ना, सो ती हरू नाही शकत. सेम रूल."

"चौदाच्या चौदा लढती बदलायच्या?"

"आभाळ फाडून टाक ना. यू आर सो गुड अ‍ॅट इट. आणि तुझा व्हिसा तीन वर्षं एक्स्टेंड होतोय, एचआरला सांगितलंय मी."

कॉल संपल्यावर मी ओरडले, "नाही म्हण त्यांना!"

"नाही म्हणून जाऊ कुठे?" तो म्हणाला. त्याने ते रागाने विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्याने आणखी चौदा वेळा आभाळ फाडलं. शेवटचा प्रश्नही गेला. जिंकलंच नाही कुणी, तर विचारणार काय? चप्पल पुसणं तेवढं राहिलं, कारण त्याचं अ‍ॅनिमेशन आधीच तयार झालेलं होतं. कशाची धूळ, ते बघणाऱ्याला कळत नाही. गेम बाजारात आला तेव्हा एका समीक्षकाने लिहिलं की मारामारी झकास, पण गोष्ट पोकळ, लेखकाची कुणाला हरवायची छातीच नाही. प्रज्ञेशने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाला, "बरोबर लिहिलंय."

रविवारी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. प्रज्ञेशने पाठवलेली गेमची क्लिप त्यांनी पाहिली होती.

"जयभीम, बापू. अरे, ते बाई तं मीच हाय! पाह्य ना, चप्पल कशी पुसते." त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग एकदम थांबल्या. "हारते का ते?"

प्रज्ञेशने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"नाही आई. कुणाकडूनच हरत नाही."

"असंच पायजे!" सासूबाईंचे डोळे भरून आले. "लय हारलो आपण. तू तरी मले हारू नाही देल्लं."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला, आणि राग आला याची लाज वाटली. प्रज्ञेश हसत होता. स्क्रीनवर छान दिसतं तेवढंच ते हसू होतं.

"हे काम सोडू नको, बापू," त्या म्हणाल्या. "कधीच सोडू नको."

"नाही सोडत, आई," तो म्हणाला.