नऊ पायांची चिंबोरी

"हे माझं नाही हं," असं म्हटल्याशिवाय मॅडमना काही सांगताच येत नसे. चिंबोरीच्या कालवणात तीळ भाजून घाला, हे सांगतानाही त्या आधी म्हणाल्या, "हे माझं नाही हं, शेलूच्या मावशीचं." आमच्या बायकोनं ते कालवण पाहुण्यांना स्वतःचं म्हणून वाढलं. मी चारचौघांत मावशीचं नाव घेतलं, तर मला नुसता वरणभात मिळाला.

कर्जतला कॉलेजच्या वाटेवर माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. विज्ञानाशी माझा संबंध एवढाच, की प्रबंध माझ्याकडे टाइप होतात आणि मला त्यातलं काही कळत नाही. कपाळावर चष्मा ठेवून चष्मा शोधणारा दुकानदार तुम्हीही पाहिला असेल. तोच मी.

मॅडम पोशीरच्या, भातशेतीवाल्या घरातल्या. कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायच्या, तेही तासांवर; नेमणूक दरवर्षी नव्यानं. खाचरांच्या बांधात राहणाऱ्या चिंबोऱ्यांवर, म्हणजे खेकड्यांवर, त्यांनी पीएच.डी. केली. चित्रं स्वतः शाईनं काढली. एकीला नऊच पाय होते. मी हुशारी करून कॉम्प्युटरवर पलीकडचा पाय उलटा केला आणि दहावा बसवून दिला.

"काढा तो, दादा."

"अहो, फुकटात दिलाय."

"पण तिला नव्हता ना. तिचा दहावा आमच्या आईनं कालवणात टाकला. म्हणाली, येवडी मोटी चिंबोरी नि नुसती कागदावर काडतेस गं? एक पाय तरी खाऊ दे."

पुढे त्यांच्या मार्गदर्शक सरांचं जाडजूड पुस्तक आलं. कुणीतरी ते झेरॉक्सला आणलं, तेव्हा मॅडम दुकानातच होत्या. उघडलेल्या पानावर त्यांची चिंबोरी. मी पाय मोजले. नऊ. खालचा मजकूरही स्वल्पविरामासकट त्यांचाच. त्यांचं नाव मात्र पुस्तकात कुठेच नाही.

"दादा," त्या म्हणाल्या, "हे माझं आहे."

त्यांनी प्रकाशकाला कळवलं, तसे सर स्वतः कर्जतला आले. कॉलेजात बभ्रा नको म्हणून माझ्या दुकानात बसले.

"विज्ञानात तुझं-माझं नसतं गं. आणि विषय कुणी दिला?"

"तुम्ही दिलात, सर. तसं प्रबंधात पहिल्याच पानावर लिहिलंय. माहितीवरही माझा हक्क नाही. चिंबोरी बांधात कधी शिरते, हे कुणीही लिहावं. पण ही वाक्यं मी लिहिली. चित्र मी काढलं."

"चिंबोऱ्या सगळ्या सारख्याच."

"मग पोशीरला या. बांधात हात घाला, चावून घ्या आणि तुमची काढा. मी हूं की चूं करणार नाही. तिला दहा पाय असतील."

सरांनी पान डोळ्यांजवळ नेलं. मोजताना ओठ हलत होते. "छपाईत गेला असेल एखादा."

"छपाईत नाही, सर. आईच्या पोटात गेला."

मला हसू आवरेना, म्हणून मी मशीन चालू करून कोरे कागद काढत राहिलो.

सर उठले. "यंदा नेमणुकीच्या मुलाखतींना मी आहे, लक्षात असू दे. पुढच्या आवृत्तीत आभार मानतो. मिटव हे."

"आभार नकोत. मजकुराला आणि चित्राला माझं नाव द्या. नाहीतर दोन्ही काढा."

दोन्ही काढलं. नव्या आवृत्तीत माहिती तीच, शब्द वेगळे आणि बटाट्याला काड्या खोचल्यासारखी एक नवी चिंबोरी. मी तावातावानं म्हणालो, "परत चोरीच की."

मॅडमनी पान शेवटपर्यंत वाचलं. "नाही दादा. शब्द त्यांचे, चित्र त्यांचं. आता हे त्यांचं."

जूनमध्ये त्यांचे तास दुसऱ्याला मिळाले. त्या पोशीरला राहायला गेल्या. कॉलेजच्या वाटेवर आता दिसत नाहीत.

शेवटच्या आल्या त्या स्वतःचं पुस्तक टाइपिंगला द्यायला. आतल्या पानावर मी सवयीनं टाइप केलं, 'सर्व हक्क राखीव.'

"सर्व कशाला?" त्या म्हणाल्या. "जेवढे माझे तेवढेच."

मग खुर्ची ओढून बसल्या आणि सांगत गेल्या. मी टाइप करत गेलो: 'यातली माहिती कुणीही वापरावी. वाक्यं आणि चित्रं हवी असतील, तर विचारावं. मी घरीच असते.'