आंबागडच्या उतारावर दोनशे चौदा पाहुणे

शनिवार, १८ ऑगस्ट २०१८, पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटे. लाखनीच्या बस थांब्यावर उभा राहून मी पिशवी तिसऱ्यांदा तपासत होतो. नोंदवही, दोन पेनं, मोजपट्टी, झाड दाबून ठेवायला जुनी वर्तमानपत्रं आणि पुठ्ठे. सगळं होतं, तरी काहीतरी राहिलंय असं वाटतच होतं.

मी बारावी अर्धवट सोडली आणि गावातल्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात बसतो. भंडाऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक सर गावोगावच्या औषधी झाडांच्या नोंदी माझ्याकडून टाइप करून घेतात, कारण माझं शुद्धलेखन चुकत नाही. आंबागडच्या वहीत सफेद मुसळीपुढे सरांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, "आढळली नाही?" ती खरंच संपली का, हे रविवारी अकराला तिथल्या ग्रामसभेत सांगायचं होतं. मुसळी उरली असेल तर गडाखालचा उतार मुळ्या खणण्यासाठी बंद करायचा. नसेल तर बंद करून उपयोग काय? सरांना ताप आला होता. म्हणाले, "तू जा. मोज, एक नमुना आण, सभेत सांग." सभेत बोलायच्या कल्पनेनं मला रात्रभर झोप नव्हती.

तुम्ही जाणार असाल तर पहिली लाल बस धरा. भंडाऱ्यापर्यंत पंचेचाळीस रुपये. कारध्याच्या पुलावर खिडकीची जागा हवीच; वैनगंगा दोन्ही काठ भरून, चहासारखी रंगलेली वाहत होती. भंडाऱ्याला तर्री-पोहे आणि चहा, पस्तीस रुपये. तर्री बेतानंच घ्या, पुढचा रस्ता खड्ड्यांचा आहे. तुमसरचे पन्नास, आणि तिथून आंबागडपर्यंत वाट्याच्या ऑटोचे तीस. ऑटो भरल्याशिवाय हलत नाही. आम्ही अकरा जण होतो आणि एक कोंबडी.

मुक्काम सरांच्या ओळखीच्या यशोदामावशींकडे; त्यांचं घर तळ्याच्या बाजूला आहे. वय पंचावन्नच्या आसपास, गुडघा दुखरा, आवाज खणखणीत. मुळ्यांची औषधं त्या सासऱ्याकडून शिकल्या. बाळंतिणीला मुसळीची पूड देतात, पण दोन वर्षांपासून डबा रिकामा आहे. त्यांचे यजमान काशिरामभाऊ तळ्यात मासे धरतात.

"सर नाही आले? अन् हा एवढासा पोट्टा कायले धाडला?" भाऊंनी विचारलं.

"लिवते चांगला म्हणतात," मावशी म्हणाल्या. "पयले जेवू दे त्याले."

भात, मासोळीचं सार आणि वास्त्याची भाजी, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची. मी काटे मोजून ताटाच्या कडेला लावत होतो. भाऊ बायकोला म्हणाले, "पाह्य, हा काटे मोजून राहिला. मुसळी सुटत नाही याच्यापासून."

दुपारी चारला आम्ही उताराकडे निघालो. वाटेत मावशींनी त्यांची रीत सांगितली. औषधाची मुळी कधी एकदम उपटायची नाही. आदल्या संध्याकाळी झाडाजवळ हळद लावलेले तांदूळ ठेवायचे आणि म्हणायचं, "उद्या आमच्या घरी ये." याला नेवतं म्हणतात, म्हणजे आमंत्रण. सकाळी जाऊन मान देऊन आणायचं.

उताराच्या पायथ्याशीच त्यांचा गुडघा आखडला. तांदळाची पुरचुंडी माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "वरतं मोठे दगड हायेत, तिकडं पाह्य. भेटली तं एकीले नेवतं दे. अन् तोंडानं बोलजो, मुक्यानं नको ठेवू."

वर सागाच्या पानांखाली ओल होती. पहिली वीस मिनिटं नुसतं गवत. मग एका दगडाच्या आडोशाला गवतासारखीच पानं, आणि मधून उभा दांडा, त्याला पांढरी बारीक फुलं. मी वहीतल्या वर्णनाशी तीनदा ताडून पाहिलं. मुसळी! मग दुसरी दिसली. मग दगडांच्या मागे, जिथे खणणाऱ्यांची पहार पोचत नाही तिथे, दांडेच दांडे.

आता अडचण अशी की एकच झाड दोनदा मोजलं तर? खडू ओल्या दगडावर टिकेना. म्हणून मी मोजलेल्या प्रत्येक झाडापाशी पिवळे तांदूळ ठेवत गेलो, बरोबर चार दाणे. आणि मुक्यानं ठेवू नको असं बजावलेलं, म्हणून प्रत्येक वेळी वाकून बोललो, "उद्या आमच्या घरी ये." घसा कोरडा पडला. अंधारायच्या आत आकडा आला, दोनशे चौदा. उतारावरून मी अक्षरशः उड्या मारत खाली आलो.

रविवारी सकाळी मावशी काठी टेकत, भाऊंचा हात धरून वर आल्या. मुसळी पाहून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग त्यांना तांदूळ दिसले. पुढच्या झाडापाशी. त्याच्या पुढच्याही.

"अगा, हे काय करून ठेवलंस?"

"मोजणी, मावशी."

"साऱ्याइले नेवतं देल्लंस?"

"हो. बोलूनच दिलं."

मावशी मटकन दगडावर बसल्या. "नेवतलेली मुळी घरी न्यावंच लागते रे पोट्ट्या. बोलावून पाहुण्याले दारातच ठेवलं, तं पुढं मुळीले गुणच येत नाही. आता का सारा उतार खणू?"

वाचवायला आलेला मी, आणि शेवटची मुसळी माझ्यामुळेच खणली जाणार! मी नमुन्यापुरतं एक झाड काढलं. मुळीचा वरचा शेंडा मावशींनी परत मातीत लावला, म्हणजे पुढच्या वर्षी फुटतो.

ग्रामसभा शाळेत होती. मी उभा राहिलो आणि सगळं खरं सांगितलं, चूक आधी आणि आकडा नंतर. मागून कोणीतरी ओरडलं, "ने मंग दोनशे पाहुणे लाखनीले! बसचं तिकीट कोण काढते?" सगळी शाळा हसली. माझे कान तापले.

काशिरामभाऊ हसले नाहीत. तंबाखू मळत उभे राहिले. "ते घरी येऊ नाही शकत, तं घर तिथंच बांधा ना. गडाचे दगड पडूनच हायेत. चार बाजूनं भिंत घातली का झालं घर. पाहुणे घरात, नेवतं पुरं."

"अन् खणाले कोणी आलं तं?" सरपंचबाईंनी विचारलं.

"कोणाच्या घरात घुसून खणते का कोणी?" मावशी ताडकन म्हणाल्या.

हात वर झाले. मी मोजले, एकही खाली नव्हता. पान वाळून बी पडेपर्यंत कोणी खणायचं नाही, आणि नंतरही शेंडा परत लावल्याशिवाय मुळी न्यायची नाही, असं ठरलं. बचत गटाच्या बाया सभेतूनच थेट उतारावर गेल्या. हातोहात दगड जाऊ लागले. मला हसलेला माणूस सगळ्यात मोठा दगड खांद्यावर घेऊन आला आणि म्हणाला, "सरक बे, इंजिनियर." तीन वाजेपर्यंत गुडघाभर भिंत उभी राहिली, मध्ये बांबूचं फाटक. मावशींनी उंबऱ्याच्या जागी हळद-कुंकू वाहिलं.

मी सरांचं पेन्सिलीतलं "आढळली नाही?" खोडलं. 'आढळली' पेनानं लिहिलं. ठिकाणाच्या रकान्यात मावशींनी सांगितलं तसं, "गडाखालचे घर".

संध्याकाळी पुन्हा कारध्याचा पूल लागला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी पिशवी न तपासता बसलो होतो. सोमवारी सरांनी वर्तमानपत्रात दाबलेला नमुना पाहिला आणि त्याखाली गोळा करणाऱ्याचं नाव म्हणून माझं पूर्ण नाव लिहिलं. दुकानात बसून मी आजवर हजारो नावं टाइप केली, पण माझं नाव अशा जागी कधी आलं नव्हतं.

हिशेब: प्रवास, दोन्ही वेळचा, दोनशे पन्नास रुपये. पोहे-चहा पस्तीस. एकूण दोनशे पंच्याऐंशी. जेवणाचे आणि मुक्कामाचे पैसे मावशींनी घेतले नाहीत.

देणे: यशोदामावशींचे पिवळे तांदूळ, आठशे छप्पन्न दाणे. त्यांनी सांगितलंय, परत आणायचे नाहीत. पुढच्या पावसाळ्यात यायचं, भिंतीच्या आत मोजायचं आणि या वेळी तोंड बंद ठेवायचं.