पाळणा भरायचा कसा

मंदीच्या वर्षी चेन्नईच्या समुद्राकडच्या त्या पार्कात नियम निघाला, निम्म्या जागा भरल्याशिवाय मोठा पाळणा फिरवायचा नाही. पाळणेवाला आम्हाला ओळखायचा, पण त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. माझी मुलगी रांगेत एकटीच दिसली की तो मान तिरकी करून झाडूवाल्या अक्कांना बोलवायचा, "वांगो, वांगो, या, बसा." मग माळी, मग आईस्क्रीमवाला.

एकदा एक जण कमीच पडला. तेवढ्यात नियम काढणारे मॅनेजर समोरून आले. मला वाटलं, याची नोकरी गेली.

त्याने अदबीने दार उघडलं. "सर, तुमच्या नियमाला एक माणूस कमी पडतोय."

मॅनेजर टाय सावरत बसले. वर गेल्यावर सगळ्यांत मोठ्याने तेच ओरडत होते.