चितेंदे मिशनची चाळीस बाकं

व्हरांड्याचा अर्धा भाग लालभडक चमकत होता आणि अर्धा अजून कोरडा, भुरकट होता. माई मुचानेता गुडघ्यांखाली जुनं पोतं घेऊन पॉलिशचा हात मारत मारत मधल्या खांबापर्यंत आली होती, तेवढ्यात कुंपणावरून शेजारणीचा आवाज आला.

"अहो माई, हात थांबवा! चितेंदे मिशनवर फळा लागलाय. विज्ञानाला चाळीस जागा, आणि अर्ज उद्या दुपारपर्यंतच."

"उद्या? शुक्रवार म्हणाले होते ना?"

"म्हणणारे म्हणाले. आत्ता बाजारात गेले होते, तिथे माझ्या दिराचा फोन आला. तुम्ही घासत बसा फरशी, तोवर जागा जातील मुतारे शहरातल्या मोटारवाल्यांना."

ही शेजारीण म्हणजे माई ताकुंडा. जीभ तिखट, पण मीठमिरची मागायला जावं तर ओंजळ भरून देणारी. तिच्या पोरालाही, ताकुंडाला, विज्ञानच हवं होतं.

माईने ब्रश खाली ठेवला. आमच्याकडे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात, तशी ती माई मुचानेता. मुचानेता म्हणजे 'दमाल तुम्ही'. लग्नानंतर सहा वर्षं पाळणा हलला नाही, तेव्हा गावाने मनसोक्त जीभ चालवली होती. मग पोर झाली तेव्हा आत्याने बारशाला उभं राहून हे नाव ठेवलं. बोला, बोलून बोलून दमाल. घरात मात्र पोरीला नुसतं मुचा.

मुचा ओ-लेव्हलची परीक्षा पास झाली होती. पाच विषयांत ए, तिनात बी, इतिहासात सी. तिला औषधं बनवायचं शिक्षण घ्यायचं होतं, आणि त्यासाठी पुढची दोन वर्षं, लोअर सिक्स आणि अपर सिक्स, रसायनशास्त्र हवंच. तिच्या शाळेत सिक्स्थ फॉर्मला फक्त इतिहास, बायबल आणि शोना भाषा. रुसापे गावातल्या दुसऱ्या शाळेत प्रयोगशाळा होती पण शिकवणारा नव्हता. उरलं चितेंदे मिशन. तिथे जागा नाही मिळाली तर हरारेची आत्या टपलेलीच होती. "माझ्या दुकानात पोरगी हवीच आहे," असं तिने दोनदा कळवलं होतं. दुकानाच्या गल्ल्यामागे उभी राहिलेली पोर परत पुस्तकाकडे येत नाही, हे माईने स्वतःच्या धाकट्या बहिणीवरून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवारी चर्चच्या बायकांची प्रार्थना असते, आणि अकरा वर्षांत माईने ती एकदाही चुकवली नव्हती. तिने लाल ब्लाउज आणि पांढरी टोपी खुंटीवरच ठेवली. गणवेश घालून गेलं असतं तर शाळेत मान मिळाला असता, पण तो देवासाठी शिवलेला, ऑफिसात दाखवायला नाही. "आज रांगेत उभ्याने प्रार्थना करते, तेवढं चालवून घे," असं देवाला सांगून ती, मुचा आणि माई ताकुंडा पहिल्या कोंबीत, म्हणजे मिनीबसमध्ये, चढल्या.

मिशनच्या फाटकापासून निलगिरीच्या झाडांपर्यंत माणसंच माणसं. कोणी पहाटेचे आलेले, कोणी मोटारीत पाय बाहेर काढून बसलेले. ऑफिसची खिडकी बंद. खिडकीवर कागद चिकटवलेला: 'जागा थोड्या आहेत. कागद पेटीत टाकावेत. विचारपूस करू नये.' पेटी केव्हाच भरून गेली होती. तिच्यावर ढीग, ढिगावर दगड, आणि दगडाखाली न मावलेले निकालाचे कागद खाली मातीत.

माईने मातीतला एक कागद उचलून पुसला. "कुणाच्या तरी लेकराचं सगळं आयुष्य हे. हे वाचतं कोण?"

"कुणी नाही," रांगेतला एक म्हातारा म्हणाला. "वाचायचे ते फोनवरून आधीच वाचून झालेत."

माई ताकुंडाने तिला कोपराने ढोसलं. "ऐका. हेडमास्तर न्यामुकापांची बायको कोण आहे माहितीय? शावा! बुहेराची शावा! तुमच्या नवऱ्याचं देवक काय?"

"शावा."

"मग? ती तुमची नणंद झाली आणि हेडमास्तर तुमचे जावई! अहो, जावयाच्या दारात सासू रांगेत उभी राहते का कधी?"

गोष्ट खरी होती. एका देवकाची माणसं म्हणजे एका घरची, मग ओळख असो वा नसो. आणि बायकोच्या भावाची बायको म्हणजे अंबुया, सासूच. नणंदेच्या लग्नात नवऱ्याकडून देजाची जी गुरं येतात त्यातूनच भावाचं लग्न होतं, म्हणून नणंदेचा नवरा त्या वहिनीला खऱ्या सासूहूनही मोठी मानतो.

माईला ते मनातून बरं वाटेना. पण तेवढ्यात दार उघडलं, हेडमास्तर फायली काखोटीला मारून मोटारीकडे निघाले, आणि माईच्या तोंडून निघून गेलं:

"कसं काय, जावईबापू? शावांच्या घरचा नमस्कार."

हेडमास्तर जागच्या जागी थबकले. फायली गवतात ठेवल्या, आणि सुटाबुटातला तो एवढा मोठा माणूस धुळीत उकिडवा बसून, आमच्या रीतीप्रमाणे, आदराच्या टाळ्या वाजवू लागला. डोळे जमिनीला. "अंबुया! माफी असावी, अंबुया. तुम्हाला उन्हात उभं केलं."

रांगेत हशा पिकला. "बसवलं हो सासूने!" कोणीतरी ओरडलं.

माईने अर्जाचा कागद पुढे केला. आणि तिथेच तिला आपली चूक कळली. हेडमास्तरांनी हात पुढे केला नाही. करणार कसा? जावई अंबुयाच्या हातून काही घेत नाही, तिच्याकडे पाहत नाही, तिच्याशी तोंडाने व्यवहार करत नाही. मधे माणूस लागतो. ते टाळ्या वाजवत तसेच मागे सरकले आणि ऑफिसात जाऊन दार लावून बसले. एखादा अनोळखी बाप त्यांना मोटारीपर्यंत गाठून दोन शब्द बोलू शकला असता. माईने नातं सांगून तेवढीही वाट बंद करून घेतली होती. शेवटी तिने अर्ज इतरांसारखाच ढिगावरच्या दगडाखाली सरकवला.

पाच मिनिटांनी उपमुख्याध्यापिका मिसेस मातांबो बाहेर आल्या. उंच, काटकुळ्या, चष्मा नाकाच्या टोकावर.

"हेडमास्तरांच्या सासूबाई कोणत्या?"

माईने हात वर केला.

"नातेवाइकांचे कागद हेडमास्तर पाहत नाहीत, मी पाहते. आणि मी नातेवाईक सगळ्यात शेवटी वाचते. चालेल?"

"आई, चल घरी," मुचा पुटपुटली. ती आईची बाही ओढत होती.

माई हलली नाही. "चालेल, बाई. शेवटी वाचा. पण वाचा. चूक माझी झाली, पोरीची नाही. तिचा कागद त्या दगडाखाली आहे. वाचायची सुरुवात कधी करणार?"

मिसेस मातांबोंनी ढिगाकडे पाहिलं आणि त्यांचा ताठा जरा उतरला. "नऊशेच्या वर आहेत. कारकून दोन, त्यातला एक आजारी. सकाळपासून फोन. हा मोठा माणूस, तो मोठा माणूस. आणि प्रत्येक कागदाला पाद्रीबाबांचं पत्र. नऊशे पत्रं! या जिल्ह्यातलं प्रत्येक पोर देवाचं लाडकं आहे."

"आहेच मुळी," माई म्हणाली. "म्हणून तर गुण बघायला हवेत."

मिसेस मातांबो हसू दाबत चष्मा पुसू लागल्या.

"बाई, आमच्या चर्चला सुगीचं दान येतं तेव्हा चार गावांचं धान्य एका दुपारी आम्ही बायका निवडतो," माई म्हणाली. "मका वेगळा, चवळी वेगळी, किडकं वेगळं. हे तर नुसते कागद. सभागृह उघडा, या इतक्या आया बसल्यात. गुणांप्रमाणे गठ्ठे लावून देतो. तुम्ही मधे उभ्या राहा. ज्याच्या हाती स्वतःच्या पोराचा कागद येईल त्याने तो शेजारणीला द्यायचा."

"आणि कोणी लबाडी केली तर?"

"आमच्यासमोर?" माई ताकुंडा म्हणाली. "चाळीस आया बघत असताना? करून दाखवा म्हणावं!"

मिसेस मातांबोंनी पुन्हा एकदा ढिगाकडे पाहिलं. मग किल्ल्या काढल्या. पुढे कोणी म्हणालं की त्या फोनना कंटाळल्या होत्या, सगळ्यांसमोर लागलेली यादी एकदा झाली की कोणाचा फोन घ्यायला नको. काही का असेना, सभागृह उघडलं.

जमिनीवर चटया पसरल्या. बायका पाय लांब करून बसल्या, पुरुष पेटीतून गठ्ठे आणून देत होते. गणित, भौतिक, रसायन यांचे गुण आधी. ते सारखे असले तर बाकीचे विषय. पहिल्या तासाला गोंधळ, दुसऱ्या तासाला हात बसला. मोटारीतून आलेली एक बाई नखांना जपत कागद उचलत होती. तिला माई ताकुंडा म्हणाली, "ताई, कागद चावत नाही." पुढच्या तासाला तीच बाई बूट काढून सगळ्यांत भरभर लावत होती.

तीनच्या सुमारास माईच्या हातात एक कागद आला. नाव ताकुंडाचं. गणित ए, भौतिक ए, रसायन ए. बाकीत चार ए, दोन बी.

मुचाचा कागद बाजूला बसलेल्या एका बाईने मघाशीच लावला होता. विज्ञानाच्या तिन्ही विषयांत तिलाही ए, पण एकूण ए पाचच. ताकुंडा वर जाणार होता. माईच्या हातात तो कागद नुसता एक हातभर खाली सरकला असता तर कोणाला कळलं नसतं. माई ताकुंडा पलीकडे कोणाशी तरी हसत होती. मिसेस मातांबोंची पाठ होती. माईने डोळे मिटले, काय बोलायचं ते देवाशी बोलली, आणि कागद पोरीच्या कागदावर ठेवला. मग तिने लगेच पुढचा कागद उचलला.

संध्याकाळी यादी लागली. पहिली चाळीस नावं. खाली प्रतीक्षेतली. त्रेचाळिसावा ताकुंडा. चव्वेचाळिसावी मुचानेता.

मुचाच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतिहासाने घात केला."

"इतिहासाला दोष देऊ नको, तो बिचारा झाला तो झाला," माई म्हणाली. मग मिसेस मातांबोंकडे वळली. "पहिल्या चाळिसांनी किती दिवसांत यायचं?"

"सोमवारी दुपारी बारापर्यंत कागद घेऊन. नाही आले तर पुढच्याला फोन. फोन लागला नाही तर त्याच्या पुढच्याला."

"आमच्या टेकडीवर फोन लागत नाही."

"मग देवाला सांगा."

"त्याला सांगतेच. पण सोमवारी मी इथेच बसते."

सोमवारी माई भाजलेले शेंगदाणे आणि मक्याच्या आंबट पेयाची, माहेऊची, बाटली घेऊन ऑफिससमोरच्या बाकावर बसली. मुचा वही उघडून शेजारी. बाकावर बसलेली सासू पाहून हेडमास्तर मागच्या दाराने ये-जा करू लागले. शिपाई हसून म्हणाला, "अंबुया, तुमच्यामुळे साहेब दिवसभर मोरीच्या बाजूने फिरतायत."

"फिरू दे. चालणं तब्येतीला चांगलं."

बारा वाजले. तिघे आले नव्हते. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. माई ताकुंडाला फोन लागला, कारण ती शहाणी बाजारात जाऊन उभी राहिली होती. फोनमधून तिची किंकाळी बाकापर्यंत ऐकू आली. मग ती थांबली आणि म्हणाली, "आणि मुचा?"

"अजून नाही," मिसेस मातांबो म्हणाल्या, आणि फोन ठेवून माईकडे आल्या. "घरी जा, माई. चाळीस भरले."

"बसते थोडं."

"कशासाठी?"

"तीन पोरं दोन-दोन शाळांत नावं घालून आलीत, हे मी गुरुवारी चटईवर ऐकलं. एका पोराला दोन बाकांवर बसता येत नाही."

मिसेस मातांबो आत गेल्या. एक वाजला. माहेऊ संपलं. मुचा दोनदा म्हणाली, "आई, दुपारची कोंबी जाईल." माईने बायबलमधली पाठ असलेली स्तोत्रं ओठातल्या ओठात म्हणून संपवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

अडीचच्या सुमारास एक गृहस्थ घाईघाईने आले, गळ्यात टाय. मुलीला मुतारेला जागा मिळाली होती, तिचे मूळ कागद परत हवे होते. मिसेस मातांबोंनी कागद दिले, रजिस्टरात एक नाव खोडलं, आणि दारात येऊन फोन उचलण्याऐवजी नुसती हाक मारली.

"मुचानेता शावा. चव्वेचाळीस. हजर आहे का?"

"हजर आहे!" मुचा इतक्या जोरात ओरडली की शिपायाच्या हातातला चहा सांडला.

माई उठली. गुडघे आखडले होते, म्हणून क्षणभर बाकाला धरून उभी राहिली. मग आत जाऊन निकालाचा कागद, लसीचं कार्ड आणि जन्मदाखला टेबलावर मांडला. मिसेस मातांबोंनी एकेक तपासला.

"जन्मदाखल्याच्या प्रतीवर पोलिसांचा शिक्का नाही. मूळ मी ठेवत नाही, प्रत ठेवते. उद्या दहापर्यंत शिक्क्याची प्रत आणलीत तर जागा पक्की. नाहीतर पंचेचाळिसावा."

"नऊला आणते," माई म्हणाली.

मागच्या दारापाशी कोणीतरी हळूच टाळ्या वाजवल्या. माईने तिकडे पाहिलं नाही, सासूने पाहायचं नसतंच. पण पाठमोरीच ती म्हणाली, "बरं आहे, जावईबापू. बायकोला आमचा नमस्कार सांगा."

कोंबीत मुचा आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. माई जागी होती. सकाळी सात वाजता रुसापेच्या पोलीस चौकीत जाऊन जन्मदाखल्याच्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायचा होता.