दिनकररावांचा चहा

काल आमच्या वाचनालयात दिनकरराव टॅबवरच्या कपाच्या चित्राला पुन्हा पुन्हा बोट लावत होते आणि दर वेळी टॅब म्हणत होता, "कमल, चहा दे गं."

अर्धांगवायूनं दिनकररावांची वाचा गेली आहे. "ह्यांना काय हवंय तेच कळत नाही हो," असं म्हणत त्यांच्या पत्नी, शिवणकाम करणाऱ्या कमलताई, आमच्या रविवारच्या गटात आल्या. तिथं आम्ही दहा-बाराजण संगणकावर प्रोग्रॅम करायला शिकतो. पडद्यावरच्या चित्राला रंगीत ठोकळे जोडायचे, की ते चित्र सांगितलेलं काम करतं. कमलताईंचा कप मात्र तीन रविवार मुकाच राहिला. शेवटी निवृत्त पोस्टमन जाधवकाकांच्या लक्षात आलं. "अहो ताई, आवाजाचा ठोकळा तुम्ही कपाऐवजी शेजारच्या तांब्याच्या चित्राला जोडलाय!"

टॅबमधला आवाज कमलताईंच्या दिरांचा आहे, हुबेहूब थोरल्या भावाच्या, म्हणजे दिनकररावांच्या, आवाजासारखा. तो ऐकताना दिनकरराव हसत होते आणि त्यांचे डोळे वाहत होते.

मी बत्तीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून शिकवलं. विद्या अशी शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सरकत जाते, हे मात्र मला या गटात कळलं. काल माझीच छाती फुगली होती, आणि मी तर एक ठोकळाही जोडला नव्हता.

एका वाचकानं कौतुकानं विचारलं, "ताई, हे कुणी करून दिलं?"

कमलताई ताठ उभ्या राहिल्या. "करून कोण देणार? मीच केलंय."