मामांनी समजूत घातलेला पाय

आमच्या हिच्या मामांचा जगातल्या कुठल्याही नव्या कापडावर विश्वास नाही, आणि सारी हयात त्यांनी सुरतेत गोडादऱ्याच्या पॉवरलूमवर नवं कापड विणण्यातच घालवली. नवा सदरा धुऊन, कोपऱ्याला हळदीकुंकू लावल्याखेरीज ते अंगात घालत नाहीत. अंगाला ओळख पटायला हवी, म्हणतात. आमचं लग्न ठरवायला आले तेव्हाही त्यांनी आधी माझी कॉलर चुरगाळून पाहिली, मग तोंड. शेजाऱ्याच्या स्कूटरच्या नव्या सीटकव्हरलाही त्यांनी परस्पर हळद फासली होती. ते भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही.

अशा माणसासमोर डॉक्टरांनी सांगितलं की माझ्या मांडीतली रक्तवाहिनी बंद पडली आहे, पाय वाचवायचा तर पॉलिस्टरची विणलेली नळी बसवावी लागेल, आणि रक्त झिरपू नये म्हणून तिला लेप दिलेला असतो. मामा खुर्चीतून उठलेच. लेप म्हणजे खळ, आणि खळीचं कापड न धुता माणसाच्या आत घालायचं? नळीचं निर्जंतुक पाकीट आधी फोडता येत नाही, असं डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं. मग मामांनी निदान माझ्या अंगठ्याला हळद लावली. नर्सबाईंनी ती स्पिरिटने पुसून टाकली.

ऑपरेशननंतर मला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, शरीर नव्या वस्तूवर चिडलं असेल तर ताप आपोआप उतरेल. जंतू शिरले असतील तर नळी काढावी लागेल, आणि मग पायाची खात्री नाही. तपासणीचा निकाल यायचा होता. ही कोपऱ्यात डोळे पुसत होती. मामांच्या मते कारण उघड होतं, पुसलेली हळद. पण त्यांनी कुणाला बोल लावला नाही. स्टूल ओढून ते माझ्या पायाशी बसले आणि थेट पायाशीच अहिराणीत बोलू लागले.

"आपन बी सुरतमा बाहेरथीनच उनूत ना रे बापा. ऱ्हाऊ दे त्याले."

आपणही सुरतेत बाहेरूनच आलो, मग या कापडालाही राहू दे, अशी ते पायाची समजूत घालत होते. मला हसूही येत होतं आणि रडूही. जंतू निघाले नाहीत, ताप उतरला. लेप हळूहळू विरघळेल आणि शरीर नळीला आपलं अस्तर लावून घेईल, असं डॉक्टर म्हणाले. त्यांचे उपकार आहेतच. पण त्या दिवशी मला धीर दिला तो मामांनी.

आता मामा बारडोलीला लेकीकडे असतात. फार थकलेत. रविवारी मी गेलो की आम्ही उसाच्या कडेने फिरायला निघतो. चालता चालता त्यांना धाप लागते, मग ते माझ्या खांद्यावर हात टाकतात, आणि दोघांचा भार हा पाय घेतो.